एका घरात दोन जोड: जनरेटरचा न्यूट्रल अर्थपासून वेगळा करताना

८ जुलै २०२४ रोजी ‘बेरिल’ हे चक्रीवादळ टेक्सासमध्ये माटागोर्डाजवळ किनाऱ्याला लागले आणि ह्यूस्टन व भोवतालच्या भागातील वीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. वादळ पहिल्या श्रेणीचेच होते, परंतु त्यामागोमाग आलेल्या उकाड्याने आणि लांबत गेलेल्या अंधाराने लोकांना जेरीस आणले. त्याआधी १६ मे रोजी वाऱ्याने शहराला झोडपले होतेच, आणि फेब्रुवारी २०२१ मधील हिमवादळ तर इथे राहणारा कोणी विसरलेला नाही. त्या हिमवादळानंतर घेतलेला एक छोटा इन्व्हर्टर जनरेटर आमच्याकडे होता. तो मागच्या अंगणात ठेवायचा, खिडकीच्या फटीतून एक्स्टेंशन वायर आत ओढायची आणि तिच्यावर फ्रीज, एक पंखा व फोन भागवायचे, असा सगळा कारभार होता. बेरिलनंतर मात्र घराच्या पॅनेलला थेट जोडता येईल असा मोठा जनरेटर घ्यायचा, हे आम्ही ठरवून टाकले.

घराच्या बाजूचे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनने, शहराची परवानगी काढून केले. गॅरेजच्या बाहेरच्या भिंतीवर ३० अँपिअरचा चार पिनांचा इनलेट, म्हणजे जनरेटरची केबल खोचायची जागा, बसवला, तिथून दहा गेजच्या तारा मुख्य पॅनेलपर्यंत नेल्या, आणि पॅनेलमध्ये मुख्य ब्रेकर व जनरेटरचा ब्रेकर यांच्या मध्ये सरकणारी लोखंडी पट्टी, म्हणजे इंटरलॉक, बसवली. ही पट्टी असेपर्यंत दोन्ही ब्रेकर एकाच वेळी चालू होऊ शकत नाहीत, त्यामुळे जनरेटरची वीज उलटी रस्त्यावरच्या तारांत जाऊन तिथे काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतण्याचा धोका राहत नाही. शहराचा तपासनीस आला, त्याने पट्टी सरकवून पाहिली, तारांचा गेज पाहिला आणि काम मंजूर केले. जनरेटर ही त्याच्या कागदावरची बाबच नव्हती. त्याने घराची बाजू तपासली, आणि ती निर्दोष होती.

मोठा जनरेटर आला, तेल-पेट्रोल भरून तो मोकळाच चालवून पाहिला, त्याच्या सॉकेटवर सरळ एक हीटर लावून पाहिला. सगळे व्यवस्थित होते. मग जाड केबलने तो इनलेटला जोडला आणि इंजिन सुरू केले, त्याच क्षणी जनरेटरच्या पॅनेलवरील जीएफसीआय, म्हणजे विजेची गळती दिसताच सर्किट तोडणारे संरक्षक उपकरण, ट्रिप झाला. रीसेट केला, पुन्हा ट्रिप. इलेक्ट्रिशियनने घरातील झाडून सगळे ब्रेकर बंद केले, म्हणजे आता एकही दिवा, एकही यंत्र विजेवर नव्हते. तरीही जीएफसीआय टिकेना. केबल काढली की मात्र तो शांतपणे चालू राही. लोड शून्य असताना गळती कुठून होणार, हा प्रश्न मला पडला. इलेक्ट्रिशियनला तो पडला नाही. त्याने इंजिन बंद केले, केबल सोडवली, मल्टीमीटर ओहमवर लावला आणि एक टोक जनरेटरच्या सॉकेटच्या न्यूट्रलच्या, म्हणजे प्रवाह परत नेणाऱ्या तारेच्या, फटीत व दुसरे अर्थच्या भोकात घातले. आकडा ०.३ ओहमच्या आसपास स्थिरावला. जनरेटरच्या आत न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडलेले होते, आणि ही सगळी कथा त्या एका आकड्यात आली होती.

ती उलगडण्यासाठी अमेरिकेतील घराची मांडणी थोडी सांगावी लागेल. इथे रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्याच्या मधोमध न्यूट्रल काढलेला असतो, त्यामुळे दोन गरम, म्हणजे फेजच्या, तारांमध्ये २४० व्होल्ट आणि कोणतीही एक गरम तार व न्यूट्रल यांच्यात १२० व्होल्ट मिळतात. हा न्यूट्रल घराच्या मुख्य पॅनेलमध्ये अर्थशी एका पट्टीने किंवा हिरव्या स्क्रूने पक्का जोडतात, आणि तिथून पुढे, म्हणजे घरभर, न्यूट्रल व अर्थ वेगवेगळे चालतात. हा जोड असतो म्हणूनच एखाद्या यंत्राच्या धातूच्या अंगाला गरम तार चिकटली तर प्रवाह अर्थच्या तारेने पॅनेलमध्ये येतो, जोडातून न्यूट्रलमध्ये जातो, ट्रान्सफॉर्मरकडे परततो, आणि तो प्रवाह इतका मोठा असतो की ब्रेकर तत्काळ पडतो. जोड हवाच. मात्र तो एकाच ठिकाणी हवा.

आता जनरेटर बनवणाऱ्याच्या बाजूने पाहू. त्याचे यंत्र कुठल्यातरी बांधकामावर, मोकळ्या मैदानात, एकटेच चालणार असते. तिथे मुख्य पॅनेल नाही, ट्रान्सफॉर्मर नाही. दोष उद्भवला तर प्रवाहाला परतायला वाट हवी म्हणून तो न्यूट्रल जनरेटरच्या सांगाड्याशी जोडून देतो आणि सॉकेटवर जीएफसीआय बसवतो. एकट्या जनरेटरसाठी ही रचना अगदी योग्य आहे. अडचण तेव्हा येते, जेव्हा असा जनरेटर घराला जोडला जातो आणि मधला बदलस्विच, म्हणजे घर रस्त्यावरच्या विजेवरून जनरेटरवर नेणारी यंत्रणा, न्यूट्रल तोडत नाही. इंटरलॉक फक्त दोन गरम तारा बदलतो, न्यूट्रल आहे तसाच जोडलेला राहतो. मग एक जोड घराच्या पॅनेलमध्ये आणि दुसरा जनरेटरच्या पोटात, असे दोन जोड एकाच वेळी अस्तित्वात येतात, आणि केबलमधील न्यूट्रलची तार व अर्थची तार दोन्ही टोकांना एकमेकींशी बांधल्या जातात. न्यूट्रलमधून परतणाऱ्या प्रवाहाला आता दोन वाटा मिळतात आणि तो दोन्ही वाटांनी वाटून जातो. समजा १२ अँपिअर परतायचे असतील, तर दोन्ही तारा सारख्या जाडीच्या असल्यामुळे त्यांतील जवळजवळ निम्मे अर्थच्या तारेतून जातील. जीएफसीआयचे काम एवढेच, की गरम तारांतून गेले तेवढे न्यूट्रलमधून परत आले का, ते मोजायचे. ४ ते ६ मिलिअँपिअरची तफावत दिसली की तो सर्किट तोडतो. त्याच्यासमोर काही अँपिअरचा घोटाळा आला, तर तो ट्रिप होणार नाही तर काय करणार?

मग लोड शून्य असतानाही तो का पडत होता? याचे उत्तर मला फार आवडले. जीएफसीआयच्या आत तफावत मोजणाऱ्या कड्याखेरीज आणखी एक कडे असते, आणि ते न्यूट्रलमध्ये एक बारीक संकेत सोडत राहते. पुढे कुठे न्यूट्रल अर्थला टेकला असेल आणि मागेही तो अर्थशी जोडलेला असेल, तर न्यूट्रल आणि अर्थ मिळून एक बंद वाट तयार होते, तो संकेत तीत फिरू लागतो आणि जीएफसीआय सर्किट तोडतो. म्हणजे एकही दिवा लावलेला नसताना त्याने आमच्या दोन जोडांचा शोध लावला होता. हे उपकरण ‘उगाच ट्रिप होते’ अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. माझ्या मते ते बहुतेक वेळा खरेच बोलत असते आणि ऐकणाऱ्याला ते नको असते.

नाशिकला माझा धाकटा भाऊ विद्युतकामाची कंत्राटे घेतो. त्याला त्या रात्री फोनवर हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “दादा, तिकडे डीपी, म्हणजे दोन पोलचा, चेंजओव्हर लावत नाहीत का? आपल्याकडे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात, मग दोन जोड एकत्र येतीलच कसे?” त्याचे म्हणणे रास्त होते. महाराष्ट्रात एकफेज घराला किंवा दुकानाला जनरेटर जोडताना सर्रास दोन पोलचा चेंजओव्हर वापरतात आणि त्यात न्यूट्रलही बदलला जातो, त्यामुळे महावितरणचा न्यूट्रल आणि जनरेटरचा न्यूट्रल यांची गाठच पडत नाही. अमेरिकेतही न्यूट्रल तोडणारे तीन पोलचे ट्रान्सफर स्विच मिळतात, आणि ते बसवल्यास जनरेटरमधला जोड जागेवर ठेवायचा असतो, किंबहुना ठेवावाच लागतो. परंतु घरगुती कामात इंटरलॉक स्वस्त पडतो आणि पॅनेलमधले कोणतेही सर्किट हवे तेव्हा चालवता येते, म्हणून बहुतेक घरांत तोच दिसतो.

आमच्या इनलेटशेजारी इलेक्ट्रिशियनने एक छापील पट्टी आधीच चिकटवली होती: हा इनलेट फक्त न्यूट्रल मोकळा असलेल्या जनरेटरसाठी आहे. इथल्या राष्ट्रीय विद्युत संहितेच्या ७०२.७ या कलमात अशी पट्टी लावणे सांगितलेले आहे, म्हणजे बदलस्विचची रचना पाहून इनलेटला कोणत्या प्रकारचा जनरेटर चालेल हे तिथेच लिहिलेले असावे. दुकानातल्या खोक्यावर मात्र वॉट, पेट्रोलच्या टाकीची क्षमता आणि आवाजाचे डेसिबल ठसठशीत छापलेले असतात. न्यूट्रल सांगाड्याशी जोडलेला आहे की मोकळा, हे माहितीपुस्तिकेच्या आतल्या पानावर एका ओळीत असते. माझ्या मते ही ओळ खोक्यावर, वॉटच्या शेजारी असायला हवी.

आता उपाय. तीन पोलचा स्विच बसवायचा म्हणजे पॅनेलचे झालेले काम पुन्हा उघडायचे आणि खर्च कित्येक पटींनी वाढवायचा. दुसरा मार्ग जनरेटरमधला जोड काढण्याचा. याखेरीज दोन चोरवाटा लोक एकमेकांना सुचवत असतात, आणि त्यांच्याविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. एक म्हणजे केबलमधली अर्थची तार कापून टाकणे. ती कापली की जीएफसीआय खरोखरच शांत होतो, कारण दुसरी वाट बंद होते. परंतु जनरेटरचा सांगाडा आणि घराचा अर्थ यांच्यातील दुवाही त्याच वेळी तुटतो. पुढे कधी केबलमधला न्यूट्रल सैल झाला, तर जनरेटरचा सांगाडा घराच्या अर्थच्या तुलनेत कोणत्या व्होल्टेजवर तरंगेल ते सांगता येत नाही, आणि ओल्या गवतात उभे राहून पेट्रोल भरणाऱ्याचा हात त्याच सांगाड्यावर असतो. दुसरी चोरवाट म्हणजे जीएफसीआय काढून तिथे साधे सॉकेट बसवणे. त्याने ट्रिप थांबेल, पण अर्थच्या तारेतून रोजचा प्रवाह वाहत राहील, आणि ज्या तारेने फक्त संकटाच्या क्षणी वीज वाहायची तिला नित्याचे काम लागेल. आमच्या इलेक्ट्रिशियनने या दोन्हींना नकार दिला. त्याने नकार दिला नसता, तर मी दुसरा शोधला असता.

आणखी एक सल्ला मला परिचितांकडून मिळाला तो असा, की जनरेटरशेजारी जमिनीत तांब्याची सळई ठोकली की प्रश्न मिटेल. मीठ-कोळशाचा अर्थिंगचा खड्डा पाहत लहानाचे मोठे झालेल्या आपल्या लोकांना हे सहज पटते. पण हिशेब करून पाहावा. सळईचा जमिनीशी रोध २५ ओहम धरला, आणि इथल्या संहितेत एका सळईसाठी हाच आकडा कसोटी म्हणून धरलेला आहे, तर १२० व्होल्टला ४.८ अँपिअर प्रवाह वाहील. २० अँपिअरचा ब्रेकर तेवढ्याने हलणारही नाही. आपल्याकडे ग्राहकाच्या स्वतःच्या अर्थिंगवर भिस्त असते ती सोबतीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती पकडणारा ब्रेकर, असतो म्हणून. नुसती सळई ब्रेकर पाडत नाही. शिवाय आमच्या मांडणीत घराच्या सळया केबलमधील अर्थच्या तारेमार्फत जनरेटरला लागू होतच होत्या. वेगळ्या सळईने दोन जोडांचा प्रश्न तसूभरही सुटला नसता.

जोड काढायचा ठरला, तरी तो परस्पर काढणे मला योग्य वाटले नाही. जनरेटर ज्या स्वरूपात तपासून प्रमाणित झालेला असतो, त्यात हा बदल आहे, आणि वॉरंटीचाही प्रश्न असतो. बनवणाऱ्या कंपनीला मॉडेल व अनुक्रमांक कळवून लेखी विचारले. उत्तरात आतल्या जोडणीची आकृती आली, कोणती तार काढायची त्यावर खूण होती, आणि काम अर्हताप्राप्त इलेक्ट्रिशियननेच करावे व यंत्रावर तशी पट्टी लावावी अशी अट होती. सगळ्या कंपन्या असे उत्तर देत नाहीत. काही हा बदल मान्यच करत नाहीत, तर काहींनी अलीकडे यासाठी पॅनेलवर स्विचच दिलेला आहे. उत्तर हाती येईपर्यंत मोठा जनरेटर झाकून ठेवला होता.

काम प्रत्यक्षात छोटे होते, तयारी मोठी होती. इंजिन पूर्ण थंड होऊ दिले, पेट्रोलचा कॉक बंद केला, स्पार्क प्लगची टोपी काढली आणि बॅटरीची ऋण तार सोडवली, जेणेकरून चुकून बटण दाबले गेले तरी इंजिन फिरणार नाही. मग पुढच्या पॅनेलचे स्क्रू काढून ते पुढे झुकवले. आत तारांचा गुंता असेल अशी माझी कल्पना होती, पण मांडणी स्वच्छ होती: डाव्या बाजूला ब्रेकर, मध्ये सॉकेटच्या पाठी, आणि खाली सांगाड्याला वेल्ड केलेला एक बोल्ट. त्या बोल्टवर दोन हिरव्या तारांची आणि एका आखूड पांढऱ्या तारेची थिंबल, म्हणजे तारांच्या टोकांची धातूची कडी, एकावर एक बसवलेली होती, वर दातेरी वॉशर आणि नट. बोल्टभोवतीचा रंग खरवडून धातू उघडा केलेला होता, कारण रंगावर थिंबल बसवले तर जोड नुसता दिसायला होतो. पांढऱ्या तारेचे दुसरे टोक न्यूट्रलच्या पट्टीवर होते. वीतभरही लांबी नसलेली ती तार म्हणजे आम्ही शोधत होतो तो जोड.

सोडवण्यापूर्वी इलेक्ट्रिशियनने प्रत्येक कोनातून फोटो काढले आणि आकृतीशी एकेक तार ताडून पाहिली. इथे घाई केली तर घात होतो, कारण त्याच बोल्टवरच्या हिरव्या तारांचे काम अगदी वेगळे आहे. त्या सॉकेटच्या अर्थ पिना सांगाड्याला जोडतात, आणि त्या कोणत्याही परिस्थितीत जागेवर राहिल्या पाहिजेत. पांढरी सोडायची आणि हिरव्या राखायच्या. याऐवजी कोणी ‘अर्थची तार काढ’ एवढेच ऐकून हिरव्या काढल्या, तर जोड तसाच राहील आणि सॉकेटचा अर्थ मात्र जाईल. त्याने पाना लावून नट काढला, पांढऱ्या तारेचे थिंबल उचलले, हिरव्या परत बसवून वॉशर-नट घट्ट केले, आणि तारेचे न्यूट्रलकडचे टोकही सोडवून ती अखंड बाहेर काढली. नुसते एक टोक सोडून त्यावर टेप गुंडाळता आला असता. परंतु जनरेटर थरथरणारे यंत्र आहे, आणि आत लोंबणारे तांबे इलेक्ट्रिशियनला नको होते. काढलेली तार प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माहितीपुस्तिकेला चिकटवून ठेवली.

पॅनेल लावण्यापूर्वी मोजमापे झाली. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात आता मीटर ‘ओएल’ दाखवत होता, म्हणजे वाट उघडी. अर्थ पिन आणि सांगाडा यांच्यात मात्र पूर्वीसारखाच अर्ध्या ओहमच्या आतला आकडा होता, आणि हा दुसरा आकडा पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. मग जनरेटर एकटा सुरू केला. गरम तार ते न्यूट्रल १२२ व्होल्ट, दोन गरम तारांमध्ये २४४. गरम तार ते अर्थ पन्नास-साठच्या दरम्यान भटकणारा काहीतरी आकडा. हा शेवटचा आकडा पाहून पहिल्यांदा बिघाडाची शंका येते, पण न्यूट्रल मोकळा झाला की अर्थला बांधणारे काही उरत नाही, आणि डिजिटल मीटर तारांमधल्या सूक्ष्म धारकतेमुळे असे भुताचे व्होल्ट दाखवतो. केबल इनलेटला जोडली आणि तोच आकडा १२१ वर येऊन बसला, कारण घराच्या पॅनेलमधील जोड आता जनरेटरचाही जोड झाला होता. जीएफसीआय चालू राहिला. इंटरलॉक सरकवला, एकेक ब्रेकर वर केला. फ्रीज, दिवे, गॅसच्या भट्टीचा पंखा, सगळे घेतले.

त्यानंतर इलेक्ट्रिशियनने जे दाखवले ते या सगळ्या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे आहे असे मला वाटते, आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. जनरेटर घराला जोडलेला असताना आता त्याचा स्वतःचा जीएफसीआय जवळजवळ आंधळा असतो. घरात कुठे गरम तार अर्थला लागली, तर प्रवाह अर्थच्या तारेने मुख्य पॅनेलमध्ये येतो, तिथल्या जोडातून न्यूट्रलमध्ये जातो आणि केबलच्या न्यूट्रलमधून जनरेटरच्या जीएफसीआयमधूनच परततो. गेले तेवढे आले. त्याला तफावत दिसतच नाही. दोष मोठा असेल तर ब्रेकर पडेल, पण माणसाला बसणारा मिलिअँपिअरचा झटका पकडण्याचे काम घरातल्या जीएफसीआयनाच करावे लागेल. म्हणून त्याने न्हाणीघर, ओटा, गॅरेज आणि बाहेरचे सॉकेट या सगळ्या ठिकाणचे जीएफसीआय जनरेटर चालू असताना बटण दाबून तपासले. गॅरेजमधला एक जुना झाला होता, बटण दाबूनही पडत नव्हता. तो त्याच दिवशी बदलला.

एकट्या जनरेटरची स्थिती तर आणखी नाजूक होते. जोड काढलेला जनरेटर घरापासून दूर नेऊन त्यावर करवत किंवा ड्रिल चालवले, आणि गरम तार यंत्राच्या अंगाला लागली, तर प्रवाहाला परतायला वाटच नाही. ब्रेकर पडत नाही, जीएफसीआय पडत नाही, आणि दोष निमूटपणे तसाच राहतो. पहिल्या दोषाने कोणाला झटका बसेलच असे नाही, पण दुसरीकडे न्यूट्रल कुठे अर्थला किंवा ओल्या जमिनीला टेकला की पहिला दोष जिवंत होतो. साधा प्लग-टेस्टर अशा जनरेटरवर अर्थ तुटल्याची खूण दाखवतो आणि त्यावरचे जीएफसीआयचे बटण दाबले तरी काही घडत नाही, कारण ते बटण अर्थच्या पिनेमार्फत चाचणी घेते. जीएफसीआयवरचे स्वतःचे बटण मात्र चालते, आणि त्यामुळे सगळे ठीक असल्याचा समज होऊ शकतो.

यावर कॅम्पिंगवाले लोक एक तोडगा वापरतात: एका साध्या प्लगमध्ये न्यूट्रल आणि अर्थ आतल्या आत जोडायचे आणि तो प्लग जनरेटरच्या रिकाम्या सॉकेटमध्ये खोचायचा. दोषाच्या प्रवाहाला वाट मिळते हे खरे, आणि काही कॅम्परव्हॅनचे संरक्षक यंत्र त्याशिवाय वीज आत घेत नाही हेही खरे. पण आमच्यासारख्या जनरेटरमध्ये, जिथे सगळी सॉकेट एकाच जीएफसीआयच्या पुढे आहेत, तिथे हा प्लग जोड चुकीच्या बाजूला नेऊन ठेवतो. दोषाचा प्रवाह पुन्हा जीएफसीआयमधूनच परततो आणि त्याला काहीच कळत नाही. मूळ पांढरी तार जीएफसीआयच्या मागे, म्हणजे जनरेटरच्या वेटोळ्याच्या बाजूला होती. तिची जागा तीच. त्याहून वाईट म्हणजे असा प्लग चुकून लागलेला राहिला आणि जनरेटर घराला जोडला गेला, तर घरात पुन्हा दोन जोड होतात, आणि या वेळी सांगणारा जीएफसीआयही नसतो. म्हणून तसला प्लग मी घरात आणलेला नाही.

जनरेटरवर आता दोन पट्ट्या आहेत. एक इलेक्ट्रिशियनने लावलेली, इंग्रजीत: न्यूट्रल मोकळा, फक्त घराच्या इनलेटसाठी. दुसरी मी मराठीत लिहिलेली, कारण माझ्या गैरहजेरीत हे यंत्र सुरू करण्याची वेळ आली तर ते आई किंवा बायको करील, आणि तिला बारीक इंग्रजी अक्षरांशी झटत बसावे लागू नये. त्या पट्टीवर एक ओळ न्यूट्रलविषयी आहे आणि बाकी सगळ्या धुराविषयी: घरापासून किमान वीस फूट लांब, धुराड्याचे तोंड घराच्या उलट दिशेला, गॅरेजमध्ये दार उघडे ठेवूनही नाही. बेरिलनंतर या परिसरात जनरेटरच्या कार्बन मोनॉक्साईडने माणसे दगावली, आणि न्यूट्रलच्या गहन चर्चेत ही गोष्ट मागे पडू नये.

पुढे ह्यूस्टनजवळच्या कॅटीमधल्या एका मित्राने मागच्या अंगणात लाकडी डेक बांधायला घेतला आणि आठवड्याच्या शेवटी जनरेटर मागितला. त्याला वाटले मी कुरकुर करतो आहे. मी इलेक्ट्रिशियनला बोलावले, पिशवीतली तार त्याने पुन्हा बोल्टवर आणि न्यूट्रलच्या पट्टीवर बसवली, मीटरवर तेच ०.३ ओहम आले, प्लग-टेस्टरच्या बटणाने जीएफसीआय खाडकन पडला, आणि मगच यंत्र गाडीत चढले. इनलेटसाठीची पट्टी त्या दोन दिवसांपुरती झाकून ठेवली. “अहो, एवढ्या खटाटोपात माझा डेक झाला असता,” असे मित्र म्हणाला. त्याच्या करवतीची केबल एका ठिकाणी सोललेली होती, ती आधी बदलून घ्या, एवढे मी त्याला सांगितले, आणि त्याने बदलली. यंत्र परत आल्यावर तार पुन्हा निघाली.

आता वादळांचा मोसम, म्हणजे १ जून ते ३० नोव्हेंबर, लागण्यापूर्वी आणि त्यानंतर दर महिन्याला जनरेटर वीसेक मिनिटे लोडवर चालवतो. केबल लावण्याआधी, इंजिन बंद असताना, न्यूट्रल-अर्थ आणि अर्थ-सांगाडा ही दोन मोजमापे घेतो व ती तेलाच्या तासांबरोबर वहीत टिपतो. पहिल्या रकान्यात ‘ओएल’ आणि दुसऱ्यात अर्ध्या ओहमच्या आतला आकडा असेल, तरच केबल इनलेटमध्ये जाते.